टोकियोतली ९ खुर्च्यांची खानावळ आणि माझा फसलेला स्नॅक्स कॉर्नर



मागच्या व्हिडिओत बोलता बोलता जपानचा विषय निघाला आणि मी तो दोन मिनिटांत गुंडाळला. विषय उधारी वसुलीचा होता, पण सगळ्यात जास्त प्रश्न त्या दोन मिनिटांवर आले. "सर, त्या ९ खुर्च्यांच्या हॉटेलबद्दल सविस्तर सांगा." म्हणून आज निवांत लिहितोय. चहा घेऊन बसा, थोडं लांबणार आहे.

आधी माझीच गोष्ट सांगतो, नाहीतर पुढचं सगळं पर्यटनाचं वर्णन वाटेल. जुन्या लोकांना माहीत आहे, सांगलीत माझं मसाले, भाजणी आणि पापड-कुरडयांचं दुकान आहे. दुकान बरं चाललं होतं म्हणून २०२२ मध्ये शेजारचा गाळा भाड्याने घेतला आणि स्नॅक्स कॉर्नर टाकला. १८ खुर्च्या आणि मेनूकार्डवर ४२ पदार्थ. बायकोने पहिल्याच दिवशी विचारलं होतं, "एवढं सगळं करणार कोण?" मी बीबीए केलेला माणूस. मी तिला व्हरायटीवर लेक्चर दिलं.

सात महिन्यांत साडेचार लाख गेले. रोज रात्री नऊ वाजता उकडलेले बटाटे, चिरलेली कोथिंबीर, मळलेली कणीक बादलीत जायची. ऐन दिवाळीत एक आचारी सोडून गेला. पण पैशापेक्षा एक दुसरी गोष्ट मला जास्त लागली. आमच्या मेनूवर "जैन पावभाजी" होती. सांगलीत जैन घरं भरपूर, तेव्हा हे ठेवायलाच हवं असं मला वाटलं. मसाला वेगळा होता, पण गर्दीच्या वेळी पोरं एकाच तव्यावर सगळं परतायची, तोच उलथना, तेच पातेलं. मला माहीत होतं. "कांदा-लसूण नाही ना?" असं कोणी विचारलं की काउंटरवरून बिनधास्त उत्तर जायचं, "नाही नाही, बिनधास्त खा." एक दिवस दुकानाच्या जुन्या गिऱ्हाईक असलेल्या काकूंच्या घासात कांदा आला. त्या ओरडल्या नाहीत. प्लेट बाजूला सरकवली, पूर्ण पैसे दिले आणि गेल्या. नंतर दुकानातही आल्या नाहीत. त्यांच्या घरचा वर्षाचा मसाला आमच्याकडून जायचा.

आता गेल्या वर्षावर येतो. एवढं होऊनही माझी खुमखुमी गेली नव्हती. स्टँडजवळ नवीन कॉम्प्लेक्स होत होतं, तिथल्या एका गाळ्याला मी ५०,००० टोकन देऊन बसलो होतो. मुद्रा योजनेत ९ लाखांची फाइल तयार होती. डोक्यात २४ खुर्च्यांचा प्लॅन. आणि नोव्हेंबरात आम्ही दोघं मेहुण्याकडे टोकियोला गेलो.

मेहुणा आयटीत आहे, निशी-कासाई भागात राहतो. टोकियोत भारतीय कुटुंबं सगळ्यात जास्त दिसतात ती याच बाजूला, त्यामुळे डाळ-तांदळाची अडचण नव्हती. बायको पूर्ण शाकाहारी, तिचं जेवण घरीच. मी सगळं खातो. मेहुणाही तिकडे गेल्यापासून मासे खायला लागलाय, पण हे सासूबाईंना कळवू नका.

त्याच्या घरामागच्या गल्लीत एक छोटी खानावळ आहे. नाव मुद्दाम देत नाही, कारण ते म्हातारा-म्हातारी कुणाच्या व्हिडिओत यायला बसलेले नाहीत. साठी ओलांडलेलं जोडपं. तो रांधतो, ती वाढते, तिसरं माणूस नाही. दारावर कापडी पडदा, त्याला नोरेन म्हणतात. पडदा लावला की दुकान चालू, काढला की बंद. आत एक लाकडी काउंटर आणि ९ खुर्च्या. टेबल नाहीच. काउंटरच्या पलीकडे हाताच्या अंतरावर तो भाजतोय, तुम्ही बघताय.

दुपारी फक्त तीन पदार्थ. एक भाजलेला साबा मासा, म्हणजे आपल्या बांगड्याचा भाऊ. दुसरं आलं घालून परतलेलं डुकराचं मांस. तिसरं "आजचं", ते फळ्यावर खडूने लिहिलेलं. प्रत्येकाबरोबर भात, मिसोचं सूप आणि मिठात मुरवलेली भाजी. तीनही ताटांचा भाव एकच, ९५० येन, म्हणजे त्या वेळच्या दराने साधारण साडेपाचशे रुपये.

पहिल्या दिवशी मी साबा घेतला. बसल्या बसल्या गरम ओला टॉवेल आणि चहा आला, चहाचे पैसे नाहीत. सातव्या मिनिटाला ताट समोर. मासा बाहेरून कुरकुरीत, आत ओला. भात चिकट, आपल्या आंबेमोहोराला जवळचा. मिसो म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनची पेस्ट, तिचं सूप पहिल्या घोटाला विचित्र लागतं आणि तिसऱ्या घोटाला आवडतं. मुळा मात्र मला जमला नाही, तसाच ठेवला. उठताना ती बाई काहीतरी बोलली, मी हसून मान हलवली.

दुसऱ्या दिवशी परत गेलो. तेच ताट मागितलं. मुळ्याच्या जागी काकडी होती.

मी मेहुण्याला म्हटलं, तू सांगितलंस का? तो म्हणाला, नाही. मग मी लक्ष ठेवलं. परत आलेलं प्रत्येक ताट ती विसळण्याआधी क्षणभर बघते. कुणी भात ठेवला, कुणी सूप अर्धं सोडलं, सगळं तिच्या नजरेखालून जातं. एका आजोबांना तिने न विचारता भात कमी वाढला. माझ्या स्नॅक्स कॉर्नरवर उष्ट्या प्लेटा मागच्या मोरीत जायच्या, पोरगा बादलीत खरवडायचा, आणि मी गल्ल्यावर बसून फीडबॅक फॉर्म छापायचा विचार करायचो. सगळा फीडबॅक त्या बादलीत होता हो!

आता आकडे सांगतो, कारण तुम्ही तेच विचारणार. मेहुण्याने त्यांना विचारलं, दुपारी किती ताटं जातात? उत्तर आलं, तीस. रोज तीस. भातच तेवढा शिजवतात. साडेअकराला पडदा लागतो, दीडच्या आसपास निघतो. तीस ताटं गुणिले ९५०, म्हणजे २८,५०० येन, आपले साधारण १६ हजार रुपये. त्यातून माल, भाडं, गॅस, वीज जाणार, तेव्हा हा नफा समजू नका. पण खुर्चीचा हिशेब बघा. मी घड्याळ लावून पाहिलं, माणूस वीस-बावीस मिनिटांत उठतो. दोन तासांत ९ खुर्च्यांवर तीस माणसं आरामात होतात. माझ्याकडे १८ खुर्च्या होत्या आणि एका चहावर दोन पोरं पाऊण तास बसायची. मी खुर्च्या मोजत होतो, खुर्चीचे फेरे कधी मोजलेच नाहीत.

सात मिनिटांत ताट कसं येतं, तेही सकाळी कळलं. दहाच्या सुमारास दूध आणायला त्या गल्लीतून गेलो. दिवे लागलेले, पडदा आत गुंडाळलेला. तीस छोट्या वाट्यांत मुरवलेली भाजी भरून ठेवलेली. माशाचे तुकडे मीठ लावून ओळीत. ट्रे एकावर एक. गिऱ्हाईक आल्यावर तीनच कामं उरतात, मासा भाजणं, सूप ओतणं, भात वाढणं.

इथे थोडं विषयांतर करतो. कमी माणसांत दुकान कसं चालवायचं, या एका प्रश्नावर जपानी लोकांनी फार डोकं लावलंय. स्टेशनजवळच्या रामेनच्या दुकानात दाराशी तिकिटाचं मशीन असतं. पैसे टाका, बटण दाबा, चिठ्ठी निघते, ती आचाऱ्याला द्या. ऑर्डर घेणं, बिल करणं, सुट्टे देणं, सगळं दारातच संपलं, आणि आचाऱ्याचा हात पैशाला लागत नाही. फिरत्या पट्ट्यावरची सुशी तुम्ही रीलमध्ये पाहिली असेल. ती योशिआकी शिराइशी नावाच्या एका छोट्या सुशीवाल्याची कल्पना. त्याला वाढपी परवडत नव्हते. बिअरच्या कारखान्यात पट्ट्यावरून सरकणाऱ्या बाटल्या पाहून त्याला सुचलं. काही वर्षं खटपट केली आणि १९५८ मध्ये ओसाकाजवळ पहिलं दुकान सुरू केलं. पट्ट्याचा वेगसुद्धा सेकंदाला ८ सेंटिमीटर असा ठरवला. फार हळू फिरला तर गिऱ्हाईक कंटाळतं, फार जोरात फिरला तर सुशी सुकते, उडते. हा शोध मोठ्या कंपनीच्या लॅबमधला नाही, पगार देता येत नाही या चिंतेतून आलेला आहे. तुमच्यापैकी अर्ध्या लोकांची चिंता हीच आहे, म्हणून सांगितलं.

आता जिरोच्या डॉक्युमेंटरीबद्दल. ट्रेनर लोक तो १० खुर्च्यांचा सुशीवाला फार वापरतात, मीही वापरलाय. पण ते गिंझामधलं जगप्रसिद्ध दुकान, तिथला भाव वेगळा, गिऱ्हाईक वेगळं. तुम्हाला वडापावच्या धंद्यात त्याचा किती उपयोग होईल, मला शंका आहे. मी सांगतोय ते साडेपाचशे रुपयांचं रोजचं जेवण आहे, ऑफिसातली माणसं खातात ते.

चौथ्या दिवशी बायको म्हणाली, मीही येते, निदान बघते तरी. आम्ही तिघं बसलो. मेहुण्याने जपानीत सांगितलं, ही मासे-मांस-अंडी काही खात नाही, नुसता भात, सूप आणि टोफू दिलंत तरी चालेल. आपल्याकडे काय झालं असतं? "हो हो, देतो की!" आणि सूपातला मांसाचा तुकडा चमच्याने बाजूला. मी केलंच होतं ते.

बाईने नवऱ्याकडे पाहिलं. त्याने गॅस बारीक केला, हात पुसले आणि काउंटरच्या कडेला येऊन मेहुण्याशी बोलायला लागला. दोन-तीन मिनिटं बोलला असेल. मागे माणसं वाट बघत होती. मेहुण्याने भाषांतर केलं ते असं: सूपात मासा दिसत नाही, पण सूपाचं पाणीच सुकवलेल्या माशाचं आहे. टोफूवर माशाचे पातळ काप घालतो, ते काढता येतील, पण त्याच्या सॉसमध्येही तेच पाणी आहे. आजची भाजीही त्याच पाण्यात शिजली आहे. यांना देण्यासारखं आज माझ्याकडे फक्त भात आणि काकडी आहे. त्याचे पूर्ण पैसे घेणं बरोबर नाही. आज मी यांना जेवण देऊ शकत नाही.

आणि तो वाकला. माफी मागितली.

माशाच्या त्या पाण्याला दाशी म्हणतात. जपानी स्वयंपाकात ती जवळपास सगळीकडे असते, आपल्या फोडणीसारखी. बायकोने ते सूप प्यायलं असतं तर तिला काहीही कळलं नसतं. मला त्या क्षणी पावभाजीचा तवा आठवला आणि मान वर करवेना. खोटं नाही सांगत.

त्याने पुढे विचारलं, परवा येऊ शकाल का? आदल्या दिवशी सांगितलं तर वेगळी दाशी करता येते. तिथल्या बौद्ध मठांत मासा न घालता दाशी करतात, कोंबू नावाचं सुकं समुद्री शेवाळ आणि सुकी शिताके अळंबी भिजवून. हे कोंबू आपल्या चायनीज गाड्यांशी जोडलेलं आहे, गंमत बघा. १९०८ मध्ये किकुनाए इकेदा या टोकियोच्या प्राध्यापकाने कोंबूच्या पाण्याला चव कशामुळे येते ते शोधून काढलं, त्या चवीला उमामी नाव दिलं, आणि पुढच्याच वर्षी ती पावडर बाजारात आली. तीच ती अजिनोमोटो.

परवा आम्ही बरोबर साडेअकराला गेलो. कोपऱ्यातली खुर्ची राखलेली होती. बायकोच्या पुढे भात, टोफू आणि लाल भोपळ्याचं सूप, मिसो लावून भाजलेलं वांगं, काकडी. त्याआधी त्या बाईने मिसोचं पाकीट आणून ठेवलं. काही तयार मिसोमध्ये माशाची दाशी घातलेली असते, तेव्हा मागची यादी तुम्हीच वाचा. आम्ही मोबाइलने भाषांतर करून वाचली. मासा नव्हता. बायकोने वांगं संपवून बोटं चाटली, सासरी कधी चाटत नाही ती. बिल ९५० येन. टिपची तिकडे पद्धतच नाही, तेव्हा वर काही द्यायचा प्रश्न नव्हता.

खर्च किती आला असेल त्याला? मूठभर सुकी अळंबी, कोंबूचा एक तुकडा, रात्री पाण्यात टाकून ठेवायचं. सामान फार महाग नाही. पण हे त्याने आदल्या दिवशी "नाही" म्हटल्यामुळे शक्य झालं.

सगळंच गोड होतं असं समजू नका. एका संध्याकाळी दुसरीकडे गेलो, तिथे न मागता एक छोटी वाटी समोर आली आणि बिलात ४०० येन लागले. ही तिकडची रीत आहे, बसण्याचा आकार म्हणा. आपल्याकडे केलंत तर गल्ल्यावर भांडण होईल, तेव्हा कॉपी करू नका. आणि आमच्या त्या खानावळीचंही सांगतो. मेहुण्याने निघताना विचारलं, तुमच्यानंतर कोण? म्हातारा हसला आणि स्वतःचा गुडघा दाखवला. मुलगी दुसऱ्या शहरात नोकरीला आहे. गुडघा चालेल तोवर दुकान. दोघांचा पगार त्या तीस ताटांत धरलेला आहे की नाही, मला शंका आहे. सकाळी आठपासून रात्रीपर्यंत उभं राहणं, आजारी पडलं की दुकान बंद. "मालक स्वतः रांधतो" हे ऐकायला छान वाटतं, पण तुम्ही प्लॅन करताना स्वतःचा आणि घरच्यांचा पगार कागदावर लिहा. नाहीतर ज्याला नफा समजताय ती तुमच्या बायकोची फुकट मजुरी असते. हे मी माझ्या बायकोकडून ऐकलंय, स्पष्ट शब्दांत.

परतीच्या विमानात २४ खुर्च्यांचा प्लॅन काढला आणि प्रत्येक खुर्चीचे फेरे लिहायला बसलो. जमेना. हप्ता, भाडं आणि तीन माणसांचा पगार धरून दिवसाला जेवढ्या प्लेटा लागत होत्या, तेवढ्या मी २०२२ मध्ये एकाही दिवशी विकल्या नव्हत्या. गाळा सोडला. टोकनमधले ३०,००० परत मिळाले, २०,००० गेले. बँकेतल्या साहेबांना फाइल मागे घेतो म्हटल्यावर ते म्हणाले, "अहो, सँक्शन होतंय की!" सँक्शन होणं आणि चालणं यातला फरक सांगायला मी त्यांच्याकडे थांबलो नाही.

आता जानेवारीपासून दुकानातच एका भिंतीला काउंटर लावलाय. सहा स्टूल. सकाळी साडेसात ते अकरा, फक्त थालीपीठ-लोणी आणि चहा. भाजणी आपल्याच दुकानातली, त्यामुळे खाणाऱ्यांपैकी काही जण जाताना पाकीट घेऊन जातात. रोज चाळीस थालीपीठं, संपली की पाटी उलटी. पहिल्या आठवड्यात एक दादा दहा वाजता आले, पाटी बघून म्हणाले, "धंदा करायचाय का नाही तुम्हाला?" आठवड्याचे चार दिवस चाळीस जातात. मंगळवारी पंचवीसवर अडकतं, का ते अजून कळलेलं नाही. उष्ट्या प्लेटा मी स्वतः बघतो. लोणी उरतं असं दिसलं, म्हणून गोळा लहान केला आणि मागेल त्याला परत देतो.

आणि काउंटरवर एक कागद चिकटवलाय: "थालीपिठात कांदा-लसूण आहे. तवा एकच आहे. जैन थालीपीठ आमच्याकडे मिळत नाही. भाजणीत मात्र कांदा-लसूण नाही, घरी करता येईल." मदतीला असलेला पोरगा म्हणाला, "दादा, गिऱ्हाईक घालवताय." काही गेलीही असतील.

मागच्या महिन्यात त्या काकूंची सून आली. कागद वाचला, पाकिटामागची यादीही वाचली, आणि अर्धा किलो भाजणी घेऊन गेली. काकू स्वतः अजून आलेल्या नाहीत.

खुर्चीच्या फेऱ्यांचा हिशेब कसा मांडायचा, त्याचा तक्ता पुढच्या व्हिडिओत दाखवतो. तोपर्यंत तुमच्या दुकानात किंवा तुमच्या डोक्यातल्या दुकानात किती खुर्च्या आहेत आणि एक माणूस किती मिनिटं बसतो, ते घड्याळ लावून मोजून कमेंटमध्ये टाका. अंदाजाने नको.